मंगळ, टिकली आणि आमची सूनबाई



2021 च्या फेब्रुवारीत एका रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली. 18 फेब्रुवारी संपून 19 लागली होती. हॉलमध्ये उजेड दिसला म्हणून गेले, तर सूनबाई लॅपटॉपसमोर बसलेली, आवाज अगदी बारीक ठेवून. "अगं, सकाळी पहिली पाळी ना तुझी?" मी म्हटलं. "आई, दहाच मिनिटं. मंगळावर उतरतंय," ती म्हणाली. मग शाल गुंडाळून मीही शेजारी बसले. आता झोप तर मोडलीच होती.

नासाची पर्सिव्हिअरन्स नावाची सहा चाकांची गाडी त्या रात्री मंगळावर उतरली. हजार किलोहून जास्त वजनाची. 30 जुलै 2020 ला इथून निघाली होती. ताशी जवळजवळ वीस हजार किलोमीटरच्या वेगानं आलेली वस्तू सात मिनिटांत माणसाच्या चालण्याइतकी हळू करून जमिनीवर ठेवायची, आणि तीही कुणी न चालवता, कारण तिथून निघालेला संदेश इथे पोचायला अकरा मिनिटं लागत होती. सूनबाई मला हे सांगत होती. म्हणजे आम्ही जीव मुठीत धरून बघत होतो तेव्हा गाडी उतरून (किंवा फुटून) काही मिनिटं झालेलीही होती.

पडद्यावर मास्क लावलेली, अंतर सोडून बसलेली माणसं होती. एक बाई एकेक टप्पा शांतपणे सांगत होती. शेवटी तिनं गाडी सुखरूप उतरल्याचं सांगितलं, सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "अगं, टिकली लावलीय हिनं!"

सूनबाई काही बोलली नाही. लॅपटॉप मिटून झोपायला गेली.

सकाळी सामायिक आटोपून फोन बघते तो आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर त्याच बाईंचा फोटो. एकदा नव्हे, अकरा वेळा. डॉ. स्वाती मोहन. "भारताची लेक", "परदेशातही संस्कार जपले", "आपल्या मुलींनी शिकावं". त्यांचा जन्म बंगळूरचा हे खरं, पण वर्षाच्या असतानाच त्या आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेल्या. शिकल्या तिथेच, पीएचडी एमआयटीतून केली. अवकाशाचं वेड कुठून लागलं हे त्यांनी सांगितलेलं आहे. नऊ वर्षांच्या असताना टीव्हीवर स्टार ट्रेक ही मालिका बघून! आम्ही मात्र सगळं श्रेय संस्कारांना देऊन मोकळ्या झालो. टीव्हीपुढून मुलांना उठवणाऱ्या आम्ही सगळ्या.

त्या नेमकं काय काम करतात, हे त्या अकरा संदेशांपैकी एकातही नव्हतं. गाडीला आपण कुठे आहोत, कुठल्या अंशात कललो आहोत, कुठे उतरलं तर दगडावर आपटणार नाही, हे स्वतःचं स्वतः कळावं लागतं. ती व्यवस्था सांभाळणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख होत्या. यावेळी गाडीनं उतरता उतरता खालचे फोटो काढले, जवळच्या नकाशाशी ताडून पाहिले आणि जागा निवडली. 2013 पासून त्या या मोहिमेवर होत्या. सात-आठ वर्षांचं काम आणि आम्ही पाहिली ती टिकली. मीसुद्धा.

हे काही पहिल्यांदा झालं नाही. 24 सप्टेंबर 2014 ला आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत गेलं, तेव्हाचा फोटो आठवतो ना? जरीच्या साड्या, केसांत गजरे, एकमेकींना मिठ्या मारणाऱ्या इस्रोतल्या बायका. "या पाहा आपल्या शास्त्रज्ञ" म्हणून तो जगभर फिरला. पुढे इस्रोनंच सांगितलं की फोटोतल्या बायका प्रशासकीय कर्मचारी होत्या. मोहिमेवर काम केलेल्या स्त्री-शास्त्रज्ञ निराळ्या होत्या, रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ आणि अशा कितीतरी. साडी दिसली की आमची चौकशी तिथेच थांबते.

आणखी एक सांगते. त्याच फेब्रुवारीत, 9 तारखेला, संयुक्त अरब अमिरातीचं होप हे यानही मंगळाच्या कक्षेत पोचलं. त्याच्या शास्त्रीय गटाच्या प्रमुख सारा अल अमीरी, डोक्यावर रुमाल बांधणाऱ्या तरुण बाई. त्यांचा फोटो आमच्या ग्रुपवर एकदाही आला नाही. मुलींच्या शिक्षणाचाच आनंद होता, तर तो यायला हवा होता, असं मला आता वाटतं.

आता घरचं. हे लिहावं की नको असा दोन दिवस विचार केला.

आमची सूनबाई औषधांच्या कंपनीत आहे, इंजेक्शनं भरतात त्या विभागात. लग्न होऊन आली तेव्हापासून ती कामाला जाताना कपाळ मोकळं, हात मोकळे. मंगळसूत्रसुद्धा डब्यात काढून ठेवते. मला ते खुपायचं. पहिल्या वर्षी मी सरळ बोलले. नंतर आडून बोलत राहिले, एकदा तर दशलक्षण पर्वात चार बायकांसमोर, मंदिरात. "आमच्याकडे शिकलेल्या मुलींना कपाळ जड होतं," असं काहीतरी. तिनं त्या वेळी उत्तर दिलं नाही. क्षमावणीला मी सगळ्यांबरोबर तिलाही 'उत्तम क्षमा' म्हटलं, पण कशाबद्दल ते मनात नव्हतं.

त्या 19 तारखेच्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी कौतुकानं तिला स्वाती मोहन यांचा फोटो दाखवायला गेले. ती म्हणाली, "आई, पाहिला. पण ती गाडी ज्या खोलीत बांधली ना, तिथे ही टिकली चालली नसती." रागानं नव्हे, सहज म्हणाली.

मग मी पहिल्यांदा विचारलं, का.

तर अशा खोल्यांत हवासुद्धा गाळून सोडतात. आत जाणाऱ्यानं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, मास्क, हातमोजे घालायचे. पावडर, नेलपॉलिश, दागिने, टिकली, काही नाही. टिकलीचा गोंद, कुंकवाचा कण, बांगडीखालचा मळ, यांतून जंतू जातात. तिच्या कंपनीत जातात ते रुग्णाच्या रक्तात. मंगळाच्या गाडीबाबत भीती अशी की आपले जंतू तिथे जातील आणि पुढे तिथली माती तपासताना "जीव सापडला" म्हणून आपलेच जंतू हाती येतील. 1967 च्या अवकाश करारातच दुसऱ्या ग्रहांना अशी बाधा पोचवू नये असं ठरलेलं आहे. म्हणून गाडीचे भाग पुन्हा पुन्हा स्पिरिटनं पुसतात, जे सोसतील ते तापवतात, आणि उड्डाणाच्या वेळी सगळ्या यानावर मिळून जंतूंचे बीजाणू 5 लाखांच्या वर असता कामा नयेत असा नियम. पाच लाख ऐकायला फार वाटतात, पण एवढ्या मोठ्या यानावर ते नगण्य आहेत म्हणे.

मैत्रिणींनो, मला एकदम आपला चौका आठवला. मुनिमहाराजांचा आहार करायचा असतो तेव्हा आपण काय करतो? स्नान करून धुतलेले सोवळ्याचे कपडे, पाणी गाळलेलं, धान्य निवडलेलं, बाहेरच्याचा स्पर्श नको. कुणी त्या कपड्यांना हात लावला तर पुन्हा बदलतो. माझ्या चौक्यात मी कुणाचं ऐकत नाही. आणि ही मुलगी रोज आठ तास तशाच सोवळ्यात उभी राहते, ते मी सहा वर्षं संस्कारांचा अभाव म्हणून मोजलं. त्यांचा हेतू आपल्यासारखा जीवदयेचा आहे असं मी म्हणणार नाही, तो वेगळा आहे. पण न दिसणाऱ्या जीवाचा इतका विचार करणारं काम आपल्या घरातून कुणी करतंय, हे मला तरी आधी कळायला हवं होतं.

ग्रुपवरच्या बाकी दोन गोष्टींबद्दल थोडं बोलते. एका काकांनी स्वाध्यायाच्या ग्रुपवर लिहिलं की हे सगळं खोटं आहे, शास्त्रात मंगळाचं विमान चित्रा पृथ्वीपासून 897 योजनांवर सांगितलंय, तिथे गाडी कशी उतरेल. शास्त्रात तसं आहे हे मलाही ठाऊक आहे. त्याचा मेळ कसा घालायचा ते माझ्या आवाक्यातलं नाही, आणि काकांच्याही नसावं. मी दोन्ही वाचते.

दुसरी गोष्ट पैशांची. "इथे कोरोनानं माणसं जाताहेत आणि तिकडे मंगळावर पैसे उधळतात." हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही, पण मी बी.कॉम. आहे, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. मोहिमेचा खर्च 2.7 अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण वीस हजार कोटी रुपये. अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा 33 कोटी. डोई सहाशे रुपये, तेही जवळजवळ दहा वर्षांत. वर्षाला साठ. आणि ते पैसे मंगळावर पुरलेले नाहीत, इथेच कुणाकुणाचे पगार झालेत. कोरोनाचंही म्हणाल, तर आरोग्यसेवकांच्या सन्मानासाठी एक छोटी पट्टी त्या गाडीवर बसवून पाठवली आहे. त्यानं कुणाचा आजार बरा होत नाही, हे कबूल. पण पंचकल्याणकात सवाल चढत जातात तेव्हा आपण कुणी उभं राहून "हे रुग्णालयाला द्या" म्हणत नाही. मीही म्हटलेलं नाही. तेव्हा दुसऱ्याच्या खर्चाला नावं ठेवताना माझा आवाज जरा खाली येतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी मंडळाच्या ग्रुपवर स्वाती मोहन काय काम करतात ते चार ओळींत लिहिलं. खाली आमची सूनबाई काय करते तेही लिहिलं आणि कामावर तिच्या कपाळावर टिकली का नसते, तेही. मंदिरात बोलले होते ते याच बायकांसमोर, म्हणून इथेच लिहायला हवं होतं. दोघींनी अंगठा दाखवला. एकीनं विचारलं, "मग घरी लावते का?" मी उत्तर दिलं नाही. सूनबाईला मात्र म्हटलं, "त्या दशलक्षणात मी बोलले ते चुकलं माझं." ती म्हणाली, "आई, तुम्हाला आठवतंय?" मग तिच्या त्या खोलीबद्दल बोलत बसली. कपडे कसे चढवायचे, कुठल्या दारानं आत जायचं, चूक झाली तर सगळा माल कसा फेकावा लागतो. घड्याळाकडे लक्षच नव्हतं. सूर्यास्ताला वीस मिनिटं उरली तेव्हा घाईघाईनं ताटं घेतली. वरण गार झालं होतं, तसंच जेवलो.