कर्णधार बदलला म्हणून मुंबई हरली का?

आयपीएल २०२४मध्ये मुंबई इंडियन्स १४पैकी १० सामने हरून दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी राहिली. खापर फुटले नवा कर्णधार हार्दिक पंड्याच्या डोक्यावर. आकडे मात्र आणखी काही सांगतात.

नेमके काय घडले?
पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी डिसेंबर २०२३मध्ये हार्दिकची निवड झाली. चाहते बिथरले, घरच्या वानखेडेवरही त्याची हुर्यो उडाली. पहिले तिन्ही सामने हातचे गेले.

बिघडले कुठे?
दुखापतीमुळे सूर्यकुमार यादव या तीन सामन्यांत नव्हता. जसप्रीत बुमराहने हंगामात २० बळी घेतले, पण दुसऱ्या बाजूने धावांना लगाम बसला नाही. हैदराबादने तर २७७ धावा कुटल्या. हार्दिकलाही १४ सामन्यांत २१६ धावाच करता आल्या.

मग दोष कर्णधाराचा?
काही अंशी. पण २०२२मध्ये रोहितच्या नेतृत्वाखालीही मुंबई १० सामने हरून तळालाच होती. उलट २०२५मध्ये गोलंदाजी बळकट होताच हार्दिकचाच संघ ‘क्वालिफायर-२’पर्यंत पोहोचला.

विदर्भात काय झाले?
चंद्रपूर-गडचिरोलीच्या क्रिकेटप्रेमींना जवळचे उदाहरण आहे. मार्च २०२४मध्ये अक्षय वाडकरच्या विदर्भाने रणजीची अंतिम लढत मुंबईविरुद्ध गमावली. कर्णधार बदलला नाही. पुढच्याच हंगामात करंडक विदर्भाकडे आला.