शिकून झालं, पुढे काय?

पावसाळा आला की महिला मंडळांच्या सहली जव्हारकडे वळतात. दाभोशाचा धबधबा सुमारे ३०० फुटांवरून कोसळतो. बघून डोळ्यांचं पारणं फिटतं. मग डबे उघडले जातात. पाड्यावरची चार मुलं लांबून बघत उभी राहतात आणि कुणीतरी हळहळतंच, ‘या मुलांसाठी काहीतरी करायला हवं हो!’ परतताना गाडीत ठरतं, आधी आपण नीट तयार होऊ. एखादं शिबिर करू, व्याख्यान ठेवू. तेवढ्यात वर्ष सरतं.

व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग, योगासनं, रोज सकाळी मोबाइलवर येणारे सुविचार, यांना मी नावं ठेवत नाही. घरच्या रगाड्यातून बाई तासभर स्वतःसाठी काढते हे चांगलंच. पण वर्गातून घरी येताना काहीतरी केल्याचं जे समाधान वाटतं ना, ते फसवं.

याच पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडकांनी काम केलं. त्या काही कमी शिकलेल्या नव्हत्या! भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धत राबवली होती. तरी १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी बोर्डीला बालवाडी काढली. सोबत अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य आलेल्या. बालवाडीत गरिबाघरची मुलं येईनात. येणार कशी? कडेवर धाकटं भावंड! मग बालवाडीच वस्तीवर गेली, कुणाच्या तरी अंगणात. आधी नखं कापायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी नंतर. महागडी साधनं कुठली परवडायला? खडे, शिंपले, पानं, बिया यांवर भागलं. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली मुलं गुरांमागे रानात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. सरकारची अंगणवाडी योजना आली ती १९७५ साली. अंगणाची युक्ती काय किंवा कुरणाची काय, पुस्तकात आयती सापडलेली नव्हती बरं का! दारात जाऊन उभं राहिल्यावर सुचली.

आपल्याला कोसबाड गाठायला नको. भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी मोरीच्या दाराशी ताटकळते ना, तिला रोज अर्धा तास घेऊन बसा. पाढे घ्या, एक पान वाचून घ्या. तिला लांबचं नीट दिसत नाही, हे कदाचित तिसऱ्या दिवशी तुमच्याच ध्यानात येईल. चारला बसवणार असाल, तर आधी पोळीभाजी वाढा. ती सकाळची जेवलेली असते.