निर्दोष मुक्तता आणि निर्दोषत्व

३ ऑक्टोबर १९९५ रोजी सकाळी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात ज्यूरीचा निर्णय वाचला जात होता, तेव्हा अवघी अमेरिका हातातले काम टाकून दूरचित्रवाणीसमोर बसली होती. हा आकडा सुमारे पंधरा कोटींच्या घरात असल्याचे सांगितले जाते. ‘दोषी नाही’ हे शब्द उच्चारले गेले आणि एका राष्ट्राच्या दोन प्रतिक्रिया उमटल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत टाळ्यांचा कडकडाट झाला, तर श्वेतवर्णीयांच्या घरांत सुन्न शांतता पसरली. एकाच निकालाकडे पाहून एका समाजाला न्याय झाल्याचे समाधान मिळते आणि दुसऱ्याला न्यायाची हत्या झाल्यासारखे वाटते, तेव्हा प्रश्न एका आरोपीपुरता राहत नाही. तो त्या समाजाच्या न्यायावरील श्रद्धेचा होतो.

ओ. जे. सिम्प्सन हा अमेरिकी फुटबॉलमधील विक्रमवीर, चित्रपटांत झळकलेला, जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचलेला. १२ जून १९९४ च्या रात्री त्याची घटस्फोटित पत्नी निकोल ब्राऊन आणि रोनाल्ड गोल्डमन हा पंचवीस वर्षांचा तरुण यांची तिच्या घराबाहेर चाकूने निर्घृण हत्या झाली. निकोलची आई ज्या उपाहारगृहात चष्मा विसरली होती, तेथेच गोल्डमन काम करीत असे. तो चष्मा परत करण्यासाठी तो आला होता. निकोलची दोन मुले त्या वेळी घरात झोपलेली होती. पाच दिवसांनी सिम्प्सन बसलेली पांढरी मोटार पुढे आणि पोलिसांच्या गाड्या मागे, असा पाठलाग कोट्यवधी लोकांनी घरबसल्या पाहिला. खटल्याचा तमाशा होण्यास तेथूनच प्रारंभ झाला.

फिर्यादी पक्षाकडे पुरावा कमी नव्हता. घटनास्थळी सिम्प्सनचे रक्त आढळल्याचे डीएनए तपासणी सांगत होती. पत्नीला मारहाण केल्याचा आरोप त्याने १९८९ मध्ये न्यायालयात आव्हान न देता स्वीकारला होता. १९९३ मध्ये भयभीत झालेल्या निकोलने मदतीसाठी पोलिसांना केलेल्या दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध होते. मग ज्यूरीने चार तासांच्या आत त्याला मोकळे का सोडले?

याचे उत्तर बचाव पक्षाच्या वक्तृत्वात जितके आहे, त्याहून अधिक पोलिसांच्या वर्तनात आहे. तपासणीसाठी घेतलेले सिम्प्सनचे रक्त एका अधिकाऱ्याने रीतसर जमा न करता स्वतःजवळ ठेवून त्याच्या घरी नेले. निकोलच्या मृतदेहावर तिच्याच घरातील चादर टाकली गेली. मागच्या फाटकावरचे रक्ताचे डाग आठवड्यांनंतर गोळा करण्यात आले. सिम्प्सनच्या आवारात रक्ताळलेला हातमोजा ज्याला सापडला, त्या मार्क फर्मन या पोलीस अधिकाऱ्याने आपण दहा वर्षांत कृष्णवर्णीयांसाठी हीन शब्द वापरला नसल्याचे शपथेवर सांगितले होते. तो शब्द पुनःपुन्हा वापरणारा त्याचा स्वतःचा आवाज ध्वनिफितींतून न्यायालयापुढे आला. खोट्या साक्षीच्या आरोपावर पुढे १९९६ मध्ये त्याने बचावच केला नाही. फिर्यादी पक्षाने भर न्यायालयात सिम्प्सनला तो हातमोजा घालावयास सांगितले आणि तो हातात नीट बसेना, हा तर स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेला पराभव होता.

या चुका कोणत्या भूमीवर घडल्या, तेही ध्यानात घेतले पाहिजे. १९९१ मध्ये याच लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी केलेल्या अमानुष मारहाणीचे चित्रण साऱ्या जगाने पाहिले होते. १९९२ मध्ये त्या पोलिसांपैकी एकालाही ज्यूरीने दोषी ठरविले नाही आणि शहर पेटले. पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या समाजाला पोलिसांचा शब्द खोटा असतो हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ठाऊक झाले आहे, तो समाज खऱ्या पुराव्यावरही विश्वास ठेवेनासा होतो. सिम्प्सनच्या ज्यूरीत बारापैकी नऊ जण कृष्णवर्णीय होते, एवढ्यावर बोट ठेवून ‘वंशाने निकाल दिला’ असे म्हणणे सोपे आहे. तो अविश्वास पेरला कोणी, हा प्रश्न अवघड आहे आणि म्हणूनच तो टाळला गेला.

पुढची अनेक वर्षे चाललेल्या वादात नेमकी हीच गफलत झाली. एक पक्ष म्हणे, तो निर्दोष ठरला, विषय संपला. दुसरा म्हणे, खुनी सुटला, न्यायव्यवस्था विकली गेली. वास्तविक, सिम्प्सनने खून केला काय, एवढाच प्रश्न ज्यूरीपुढे नव्हता. वाजवी संशयाला जागा राहणार नाही अशा रीतीने सरकारने तो सिद्ध केला काय, हा प्रश्न होता. निर्दोष मुक्तता हा आरोपीच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. तो तपासयंत्रणेच्या कामावर मारलेला शेरा असतो. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे तत्त्व मान्य असेल, तर त्याची किंमतही मान्य करावी लागते. मात्र ती किंमत पोलिसांच्या बेपर्वाईपायी मोजावी लागू नये, एवढी मागणी करण्याचा समाजाला निश्चित अधिकार आहे.

ती किंमत कोणी मोजली? दोन मृतांच्या आप्तांनी. अमेरिकी राज्यघटनेनुसार निर्दोष सुटलेल्या व्यक्तीवर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालविता येत नाही आणि तेथे मुक्ततेविरुद्ध सरकारला अपीलही नाही. म्हणून या कुटुंबांनी दिवाणी न्यायालयाचे दार ठोठावले. तेथे पुराव्याचे पारडे एका बाजूला झुकणे पुरेसे असते. १९९७ मध्ये त्या ज्यूरीने सिम्प्सनला दोघांच्या मृत्यूस जबाबदार धरले आणि भरपाई व दंड मिळून ३ कोटी ३५ लाख डॉलर देण्याचा निर्णय झाला. तो १० एप्रिल २०२४ रोजी मरण पावला, तोवर त्यातील अगदी थोडी रक्कम वसूल झाली होती. २००८ मध्ये तो तुरुंगात गेला, तो लास व्हेगासमधील सशस्त्र लुटीच्या वेगळ्याच गुन्ह्यासाठी. त्यातही दोषी ठरल्याचा दिवस ३ ऑक्टोबर हाच होता. काव्यगत न्याय म्हणून अनेकांनी टाळ्या पिटल्या. पण एका गुन्ह्याची भरपाई दुसऱ्या गुन्ह्याच्या शिक्षेने होत नसते.

भारताने या प्रश्नाचा अनुभव घेतला आहे. १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात एका साप्ताहिकाने त्यांना नायकपदी बसविले, पारशी आणि सिंधी समाज परस्परांसमोर उभे राहिले आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली, हा भाग वेगळा. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही.

दिल्लीतील जेसिका लाल हिची हत्या १९९९ ची. साक्षीदार फितूर झाले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व नऊ आरोपी सुटले. मध्यमवर्ग मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आला, वृत्तवाहिन्यांनी आघाडी उघडली. तो संताप स्वाभाविक होता. परंतु त्या वर्षीच्या डिसेंबरात मुख्य आरोपी मनू शर्मा याला जन्मठेप झाली, ती पोलिसांनी उच्च न्यायालयात अपील केले म्हणून आणि न्यायमूर्तींनी तोच पुरावा नव्याने तपासला म्हणून. लोकक्षोभ यंत्रणेला जागे करू शकतो. निकाल मात्र त्याने लिहावयाचा नसतो. आज एका आवडत्या आरोपीसाठी जमणारा जमाव उद्या एखाद्या निरपराध्याच्या दारातही उभा राहू शकतो.

पीडितांनाही मुक्ततेविरुद्ध अपील करण्याचा अधिकार आपल्या कायद्याने २००९ पासून दिला आहे. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले असून, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू करावयाची आहे. लॉस एंजेलिसमध्ये जे बिघडले, त्यावर हेच औषध आहे. मात्र प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे आणि राजकीय दडपणापासून मुक्त असलेला तपास अधिकारी यांवाचून कायद्यातील कलमे कागदावरच राहतील.

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावले, हे मराठी घरांत प्रत्येक मूल ऐकते. ते सुनावण्यापूर्वी शास्त्रीबुवांनी प्रकरणाची कसून चौकशी केली होती, हे मात्र क्वचित सांगितले जाते. त्यांच्या निर्भयतेला त्या चौकशीचे अधिष्ठान होते. एखादा नामवंत निर्दोष सुटला की तो आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा वा आपल्या आवडीचा आहे काय, हे पाहून टाळ्या किंवा शिव्या देण्यापूर्वी तपास कसा झाला, हे विचारण्याची सवय समाजाने लावून घेतली पाहिजे. निकोल ब्राऊन आणि रोनाल्ड गोल्डमन यांचे मारेकरी म्हणून फौजदारी न्यायालयाने आजतागायत कोणालाही दोषी ठरविलेले नाही. सिम्प्सनच्या बाजूने आणि विरुद्ध भांडणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी कितीजणांना ही दोन नावे आज आठवतात?