आकाशातील बदली कामगार

धुळ्यालगतच्या गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानांची घरघर गावकऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. 1928 साली जुहूला स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपले उड्डाणप्रशिक्षण येथे आणले. 1929 च्या फेब्रुवारीत देशातील पहिला वैमानिक-परवाना मिळविणारे जे. आर. डी. टाटा याच क्लबचे. तिकडे शिरपूरलाही प्रशिक्षणसंस्था आहे. खुद्द धुळ्याला प्रवासी विमानसेवा नाही, वैमानिक मात्र येथे घडतात. आणि विमान कंपन्या तर अधूनमधून आक्रोश करतात की देशात वैमानिक मिळत नाहीत, सबब परदेशी वैमानिकांना तात्पुरते परवाने द्यावेत!

हा आक्रोश अर्धसत्य आहे. एकट्या 2023 साली देशात 1622 व्यावसायिक वैमानिक-परवाने दिले गेले. तुटवडा आहे तो कॅप्टनांचा. 200 उड्डाणतासांवर व्यावसायिक परवाना मिळतो. पण विमानाची सूत्रे हाती घेण्यासाठी लागणारा वरचा परवाना 1500 तासांशिवाय मिळत नाही. सहवैमानिकाचा कॅप्टन होण्यास वर्षे लागतात. ती वर्षे आणि तो खर्च कोणी सोसावयाचा, हा खरा वादाचा मुद्दा. 2004-05 नंतर स्वस्त तिकिटांची लाट आली, विमाने धडाधड आणली गेली, आणि कॅप्टन बाहेरून मागविण्यात आले. जुलै 2010 अखेर ही तात्पुरती सोय संपेल, असे महासंचालनालयाने जाहीर केले होते. मुदत वाढली, पुन्हा वाढली. प्रत्येक मुदतवाढीबरोबर कॅप्टन घडविण्याची निकड मालकांच्या डोक्यावरून उतरत गेली.

इकडे शिकणाऱ्याचा खर्च पाहा. परवान्यासाठी चाळीस-पन्नास लाख रुपये आणि विशिष्ट जातीचे विमान चालविण्याच्या प्रशिक्षणाचे पैसे निराळे. कापूस पिकविणाऱ्या खानदेशी शेतकऱ्याने हा आकडा ऐकून हात जोडावेत, हे ओघानेच आले. जो मध्यमवर्गीय बाप घर गहाण ठेवून मुलीला शिकवितो, त्याच्या घरी परवाना येतो, नोकरी येतेच असे नाही. मालकाला लागणारे कौशल्य कामगाराने स्वतःच्या कर्जातून विकत आणावयाचे, ही रीत गिरण्यांनाही सुचली नव्हती.

शासन या व्यवहारात तटस्थ नाही. कॅप्टनने नोकरी सोडताना एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना दिली पाहिजे, असा नियम 2017 साली करण्यात आला. कारण सांगितले लोकहिताचे. म्हणजे देशी वैमानिकाला दाराआड वर्षभर थांबविता येते आणि परदेशी वैमानिकासाठी तेच दार मालकाच्या सोयीने उघडता येते. दाराची कडी दोन्ही वेळी एकाच बाजूला!

म्हणून परदेशी वैमानिकाविरुद्ध आरोळी ठोकणे ही घोडचूक ठरेल. 1966 नंतर मुंबईत भूमिपुत्रांच्या नावाने दाक्षिणात्य कारकुनाला लक्ष्य केले गेले. गिरणीमालकाच्या केसालाही धक्का लागला नाही. भारतीय वैमानिक आखाती देशांत परकेच असतात, हेही विसरता कामा नये. परदेशी कॅप्टनचा पगार मोठा असेल, पण त्याचा रोजगार-व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की मुक्काम संपला. असा मनुष्य संपात उतरेल कसा? धुळे-अमळनेरच्या गिरण्यांतील बदली कामगार ज्यांनी पाहिला, त्यांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. बदलीवाला उपाशी होता, हा सुखवस्तू आहे, एवढा फरक. उद्या येशील की नाही हे दोघांनाही मालकच सांगणार.

डिसेंबर 2025 मध्ये या धोरणाची फळे प्रवाशांनी चाखली. वैमानिकांना आठवड्याला 36 ऐवजी 48 तासांची विश्रांती देणारे आणि रात्रीच्या उतरणींवर मर्यादा घालणारे नियम पूर्णपणे लागू होताच, देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली. नियम आधीच जाहीर झालेले होते, पण माणसांची तजवीज पुरेशी नव्हती. शासनाने काय केले? त्या कंपनीला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत नियमांतून सवलत दिली. थकलेल्या वैमानिकाच्या झोपेतून मालकाची तूट भरून निघाली.

तेव्हा मागणी परवाने बंद करण्याची नसावी, त्यांना अट घालण्याची असावी. जितके परदेशी कॅप्टन, तितके सहवैमानिक कंपनीने स्वखर्चाने, ठरल्या मुदतीत कॅप्टन करावेत. न केल्यास परवान्याचे नूतनीकरण नाही. समान कामाला समान वेतन द्यावे आणि परदेशी वैमानिकाला देशी संघटनेचे दार उघडे असावे. पूर्वसूचनेची सक्ती उभय पक्षांना सारखी असावी. आणि धुळ्याच्या कार्यकर्त्यांपुरते बोलावयाचे तर गोंदूरची धावपट्टी सरकारी मालकीची आहे. तिच्या वापराच्या बदल्यात खानदेशातील शेतकरी, आदिवासी आणि कामगारांच्या मुलामुलींसाठी किती जागा विनाशुल्क राखून ठेवल्या, हा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी विचारता येतो.