दर 90 दिवसांनी हजेरी

थायलंडमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला दर 90 दिवसांनी सरकारला कळवावं लागतं, की मी अजून इथेच आहे आणि माझा पत्ता हा आहे. पत्ता बदललेला नसला तरी कळवायचं. 1979 च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 37, फॉर्म टीएम 47. तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंतची मुदत. ती चुकवून स्वतःहून गेलात तर 2,000 बाट दंड, पकडले गेलात तर 5,000 पर्यंत.

मी बँकॉकमध्ये सॉफ्टवेअर लिहितो. माझ्याकडे वर्क परमिट आहे, पगारातून टॅक्स कापला जातो, विमानतळावर बोटांचे ठसे दिलेत. म्हणजे मी कुठे आहे हे सरकारच्या निदान तीन खात्यांना माहीत आहे. त्यांनी एकमेकांना विचारायचं नाही, म्हणून मी सांगत राहायचं.

आमच्या कामात याला पोलिंग म्हणतात. ‘काही बदललं का?’ हे सारखं विचारत बसायचं. नवशिका इंजिनिअरसुद्धा म्हणेल, बदल झाला की कळवा, संपलं! गंमत म्हणजे तोही नियम त्याच कलमात आहे: घर बदललं तर 24 तासांत कळवा. मग ही 90 दिवसांची हजेरी नक्की कशासाठी?

‘सुरक्षेसाठी’ हे ठरलेलं उत्तर. पण ज्याला लपायचंय तो फॉर्मवर खोटा पत्ता लिहील, किंवा फॉर्म भरणारच नाही. या जाळ्यात सापडतो तो तारीख विसरलेला सरळ माणूस.

‘ऑनलाइन भरता येतं की,’ असंही सांगतात. येतं. रांग वाचते, पण निरर्थक प्रश्न ऑनलाइन विचारला म्हणून अर्थपूर्ण होत नाही.

आणि सुरक्षेचाच मुद्दा असेल तर पैशाने तो कमी कसा होतो? 2022 मध्ये थायलंडने श्रीमंत आणि मोठ्या पगाराच्या परदेशी लोकांसाठी 10 वर्षांपर्यंतचा व्हिसा आणला. त्यांना हजेरी वर्षातून एकदाच. बांधकामावर राबणाऱ्या म्यानमारच्या मजुराला मात्र दर 90 दिवसांनी. त्याने एक तर रोजगार बुडवायचा, नाहीतर एजंटला पैसे द्यायचे. म्हणजे संशय परदेशीपणाचा नाही, गरिबीचा आहे.

गावाकडे हे बोललं की काका म्हणतात, “पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं.” काका, पाहुणा टॅक्स भरत नाही. पाहुण्याला घरून मध्यरात्री फोन आला तर तो सरळ उठून निघतो. मला आधी री-एंट्री परमिट आहे का ते बघावं लागतं, कारण त्याच्याशिवाय देश सोडला तर राहण्याची मुदतवाढ तिथेच रद्द होते.

आता आपल्याकडे बघा. थायलंडमध्ये परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने 24 तासांत कळवायचं असतं. भारतातही तेच: 24 तास. पुण्यात येमेन, अफगाणिस्तान किंवा आफ्रिकेतून शिकायला आलेला मुलगा खोली शोधत फिरतो, तेव्हा ‘फॉरेनर नको’ म्हणणाऱ्या मालकाच्या मनात इतर पूर्वग्रहांबरोबर ही कटकटही असते. नियम मालकासाठी लिहिलेला, शिक्षा भाडेकरूला. आपल्यातले जे बाहेर राहून अशा नियमांवर चिडतात, त्यांच्यापैकी किती जण पुण्यातल्या आपल्या फ्लॅटची चावी त्या मुलाला देतील?

कोण आलंय, कुठे राहतंय हे जाणून घ्यायचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. त्याने एकदा नीट विचारावं. बदल झाला तर मी कळवीन, नाही कळवला तर खुशाल दंड करा. पण काहीच बदललेलं नसताना वर्षातून चारदा येऊन ‘साहेब, मी अजून इथेच आहे’ म्हणायला लावणं, याने सरकारला नवी माहिती काहीच मिळत नाही. माणसाला मात्र दर वेळी आठवण करून दिली जाते, की तू इथला नाहीस.