माफी कोणाला, साक्ष कोणाची?

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर हे काही चित्रपटसृष्टीच्या नकाशावरचे गाव नव्हे. कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगणारे ते तालुक्याचे ठिकाण. मध्यंतरी तेथील एका परिचित कुटुंबात बसलो असताना एक प्रश्न निघाला आणि तो थेट चित्रपटसृष्टीच्या दाराशी जाऊन थांबला. घरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, बारावीतलं पोरगं रातभर मोबाईलवर खूनखराबाच पाहते. वरून सांगते, हे खरं घडलेलं आहे म्हणून. बंद करू का?" बैठकीतील एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने लगेच निकाल दिला, "पोराचं सोडा, असले सिनेमे काढणाऱ्यांवरच बंदी घाला!"

वहिनींची काळजी खरी होती आणि ज्येष्ठांचा संताप समजण्याजोगा होता. तरीही तो निकाल मनाला पटला नाही. कारण गुन्ह्यावरचा चित्रपट कोण काढतो आणि कशासाठी काढतो, याचे एक उत्तर याच परिसरातील मातीने देऊन ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे दिग्दर्शक राजदत्त.

दत्तात्रय मायाळू हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९३२ सालचा, धामणगावचा, शिक्षण वर्ध्यात. संघाच्या संस्कारांत वाढलेला हा तरुण आधी पत्रकारितेत आणि तेथून राजा परांजपे यांच्या हाताखाली चित्रपटात आला. गुरूच्या नावातला 'राज' आणि स्वतःच्या नावातला 'दत्त' जोडून त्यांनी आपली ओळख घडविली. 'मधुचंद्र'पासून सुरू झालेल्या त्यांच्या वाटचालीत गाडगेबाबांचे जीवन मांडणारा 'देवकीनंदन गोपाला' आहे, घराघरांत पोहोचलेला 'अष्टविनायक' आहे आणि राष्ट्रीय पुरस्कारांनी गौरविलेले 'शापित', 'पुढचं पाऊल' व 'सर्जा' आहेत. पुढे संस्कार भारतीच्या कार्याशी ते निष्ठेने जोडले गेले. २०२४ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हा विदर्भातील अनेक घरांना आपल्याच घरचा सन्मान झाल्यासारखे वाटले.

अशा सात्त्विक प्रकृतीच्या दिग्दर्शकाने १९८६ साली 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट केला. त्याचा विषय होता पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड.

आजच्या तरुण वाचकांसाठी त्या प्रकरणाचे स्मरण करून द्यावयास हवे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा जणांचे खून झाले. पहिला बळी महाविद्यालयातील सहाध्यायी होता. त्यानंतर जोशी कुटुंबातील तिघे गेले. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री अभ्यंकरांच्या बंगल्यात एकाच वेळी पाच जीव घेतले गेले. त्यांत संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे ऐंशीच्या पुढचे महामहोपाध्याय काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, त्यांची वृद्ध पत्नी होती, तरुण नातवंडे होती आणि घरकाम करणारी बाईही होती. मार्च १९७७ मध्ये शेवटचा बळी गेला. मारेकरी कोणी सराईत दरोडेखोर नव्हते. पुण्यातील एका कलामहाविद्यालयात व्यावसायिक चित्रकला शिकणारे चार विद्यार्थी होते. त्यांची नावे येथे मुद्दाम देत नाही. ती अनेकांना पाठ आहेत. अभ्यंकरशास्त्रींच्या ग्रंथाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या स्मरणशक्तीचे हे दुर्दैव आहे आणि या लेखाचा विषयही तोच आहे.

काळ आणीबाणीचा होता. संघावर बंदी होती. सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांच्यासह असंख्य स्वयंसेवक येरवड्यात स्थानबद्ध होते. सज्जन कोठडीत आणि मारेकरी मोकळे, असे विपरीत चित्र त्या शहराने अनुभवले. सायंकाळ झाली की पुण्याचे रस्ते ओस पडत. अखेर पोलिसांनी चौघांना पकडले. १९७८ साली सत्र न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली, वरच्या न्यायालयांनी ती कायम केली आणि १९८३ साली त्याच येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली.

असा विषय पडद्यावर आणताना दिग्दर्शकापुढे दोन वाटा असतात. पहिली सोपी. चार तरुण, त्यांची बेदरकार वृत्ती, रात्रीच्या गाड्या, दोर, भय, आक्रोश अशी सगळी सामग्री तयारच असते. ती नेटकी रचली की चित्रगृह भरते. दुसरी वाट अवघड. तीत प्रेक्षकाला विचारावे लागते, हे घडत असताना तू कोठे होतास?

राजदत्तांनी कोणती वाट मनाशी धरली, हे चित्रपटाच्या नावातच दिसते. नाव मारेकऱ्याचे नाही, टोळीचे नाही, हत्याकांडाचेही नाही. नाव साक्षीदाराचे आहे. प्रत्यक्ष खटल्यात त्या चौघांचाच एक वर्गमित्र माफीचा साक्षीदार झाला होता. पहिल्या गुन्ह्यात त्याचा सहभाग होता. पुढे त्याने न्यायालयात सगळे सांगितले. माफीचा साक्षीदार ही कायद्यातली विलक्षण व्यक्ती आहे. त्याचे हात स्वच्छ नसतात, परंतु त्याच्या तोंडी सत्य असते. त्याला मिळणारी माफी अटीवर मिळते: जे ठाऊक आहे ते संपूर्ण आणि खरे सांगितले पाहिजे. काही लपविले किंवा खोटे बोलला, तर माफी जाते आणि तो पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. एवढ्या भयंकर घटनेतून चित्रपटाच्या शीर्षकासाठी नेमका हा माणूस निवडणे यात दिग्दर्शकाची नीती प्रकट होते. कारण तो माणूस आपल्याला जवळचा आहे. आपल्यापैकी कोणी खुनी नसतो. पण डोळ्यांसमोर काही वावगे घडत असताना गप्प राहिलेले आपल्यात पुष्कळ असतात.

यातील मुख्य गुन्हेगाराची भूमिका नाना पाटेकर यांनी केली. मोहन गोखले यांच्यासारखा गुणी अभिनेताही या चित्रपटात होता. नानांच्या बाबतीत एक योगायोग विचार करायला लावणारा आहे. तेही उपयोजित कलेचेच विद्यार्थी, मुंबईच्या जे. जे. संस्थेतले. म्हणजे मारेकऱ्यांच्या आणि त्यांची भूमिका वठविणाऱ्या नटाच्या हातात तरुणपणी एकच कुंचला होता. एका हाताने पुढे दोर उचलला, दुसऱ्याने अभिनय. पुढे याच नटाने २०१५ साली मकरंद अनासपुरे यांच्यासह 'नाम' संस्थेची उभारणी केली आणि विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या दारी जाऊन मदतीचा हात दिला. पडद्यावर क्रूरकर्मा साकारणारा माणूस प्रत्यक्षात आसवे पुसू शकतो. नट भूमिकेने बाटत नाही. ती भूमिका प्रेक्षकांपुढे कोणत्या हेतूने ठेवली जाते, तेथे खरा प्रश्न असतो.

म्हणूनच गुन्हेपटाची जबाबदारी एकट्या नटावर टाकून चालत नाही. कथाकार ठरवतो, गोष्ट कोणाच्या बाजूने सांगायची. छायाचित्रकार ठरवतो, कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा की मरणाऱ्याच्या डोळ्यांत. संगीतकार ठरवतो, खुनी दारातून आत येताना ढोल वाजवायचे की शांतता राखायची. संकलक ठरवतो, प्रेताजवळ किती क्षण थांबायचे आणि आईच्या चेहऱ्यावर किती. ही सारी मंडळी मिळून प्रेक्षकाच्या मनात एक माणूस मोठा करतात. तो मारणारा असावा की मारला गेलेला, एवढेच विचारायचे आहे.

मराठीने हा विवेक पूर्वी सांभाळला होता. राजदत्तांचे गुरू राजा परांजपे यांचा १९६४ सालचा 'पाठलाग' आठवावा. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा हा रहस्यपट, डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना त्यात होते. प्रेक्षक खुर्चीला खिळून राहत, घरातली मंडळी एकत्र बसून तो पाहत, आणि चित्रपट संपल्यावर गुन्हेगारीची भूल कोणाला पडत नसे. राष्ट्रीय पुरस्काराने गौरविलेल्या त्या चित्रपटावरून हिंदीत 'मेरा साया' निघाला. थरार आणि सभ्यता एका घरात नांदू शकतात, याचा तो पुरावा आहे.

आजची अडचण थोडी निराळी आहे. २०१८ साली प्रवीण तरडे यांनी 'मुळशी पॅटर्न' काढला. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा शहराच्या गुन्हेगारीत कसा ओढला जातो, हा त्यातला इशारा कळकळीचा होता. परंतु संपूर्ण चित्रपटातून अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून मोबाईलवर फिरू लागला की इशारा गळून पडतो आणि उरते ती ऐट. बापाचे दुःख त्या तुकड्यात मावत नाही. तेव्हा निर्मात्यांनी आता हाही विचार केला पाहिजे की आपल्या कलाकृतीचा कोणता तुकडा सुटून समुद्रपूरच्या बारावीतल्या मुलाच्या हाती पडणार आहे.

तो मुलगा ज्या परिसरात वाढतो, तेथील वास्तवही विसरता येत नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी शेजारच्या हिंगणघाटमध्ये भररस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून देण्यात आले. आठवडाभराने तिची प्राणज्योत मालवली. एकतर्फी पाठलाग करणारा तो नराधम फेब्रुवारी २०२२ मध्ये जन्मठेपेची शिक्षा भोगण्यास गेला. त्या कृत्याचे खापर कोणत्या एका चित्रपटावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु मुलीने नाही म्हटल्यावरही तिच्या मागे लागणे म्हणजे प्रेम, असे आपल्या पडद्याने कित्येक दशके शिकविले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आणि अशा घटनांत शिक्षा होते ती साक्षीदार न्यायालयात उभे राहतात म्हणून. ज्या समाजात साक्ष द्यायला माणूस पुढे येतो, तेथेच कायद्याला बळ येते.

म्हणून बंदीची मागणी करून मोकळे होणे हा आपल्या कर्तव्याचा शेवट नव्हे. २०२१ च्या नियमांनुसार घरबसल्या दिसणाऱ्या मालिकांना वयोगटाचे वर्गीकरण देणे आणि पालकांसाठी कुलपाची सोय ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. ती सोय आपल्यापैकी किती घरांत वापरली जाते? त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाशेजारी बसून किती आईबाप तो चित्रपट पाहतात आणि संपल्यावर विचारतात, "यात मेलेल्या माणसाचं नाव काय होतं रे?" कुटुंब प्रबोधनाचा विषय आपण बैठकांमधून मांडतो. त्याची सुरुवात या एका प्रश्नापासून करता येईल. संस्कार भारतीच्या स्थानिक समित्यांनीही राजदत्तांचे चित्रपट तालुक्याच्या गावी दाखवावेत, त्यावर तरुणांना बोलते करावे.

समुद्रपूरच्या वहिनींना त्या दिवशी नेमके उत्तर देता आले नाही. आज द्यावेसे वाटते. वहिनी, मोबाईल हिसकावून घेऊ नका, शेजारी बसा. मुलगा जे पाहतो आहे त्याची साक्ष तुम्हीही ठेवा. घरातले थोर गप्प राहिले, तर पुढे एखाद्या दिवशी माफी मागण्याची पाळी त्यांच्यावरच येते. आणि ती माफी देणारे न्यायालय कोठेही नसते.