पेला बिबल्याचा, हिशेब रक्ताचा



गावोगाव फिरताना हल्ली पिकावरच्या रोगाइतकीच विचारणा साखरेच्या आजाराची होते. बाजारात बिबल्याच्या लाकडाचे पेले विकायला येतात. रात्री पाणी भरून ठेवायचे, सकाळी ते तपकिरी झाले की प्यायचे. "साहेब, यानं साखर उतरते का?" असे लोक विचारतात. या प्रश्नाची टर उडवू नये.

बिबला, म्हणजे विदर्भातला बिजा, हाच आयुर्वेदातला विजयसार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची रीतसर चाचणी घेतली. १९९८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नव्यानेच मधुमेह निघालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. म्हणजे आजीबाईचा बटवा अगदीच पोकळ नव्हता.

पण एक गोष्ट आपण शेतकरी चटकन ओळखाल. नव्या खताचे प्रात्यक्षिक घेताना शेजारी बिनखताचा वाफा ठेवतो की नाही? तो नसेल, तर पीक खताने आले की पावसाने, कसे कळणार? १९९८ च्या चाचणीत असा शेजारचा वाफा नव्हता. म्हणून पुढे परिषदेने टोलब्युटामाइड या गोळीशी तुलना केली. कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नाही नि डॉक्टरलाही नाही, अशी ती चाचणी होती. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. साखर दोन्ही गटांत उतरली.

आता पेल्याकडे वळू. चाचणीत विजयसाराचा अर्क मोजून, दिवसाला २ ते ४ ग्रॅम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला होता. रक्त वेळोवेळी तपासले जात होते. पेल्यातल्या पाण्यात किती उतरले, याला माप नाही. लाकूड बिबल्याचेच आहे, याची हमी कोण देणार? बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, पावती मागतो. मग औषधाच्या बाबतीत एवढे ढिले का?

माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने पेल्याच्या भरवशावर इन्सुलिन बंद केले. पायाला काटा लागल्याचे निमित्त झाले, जखम चिघळली नि दोन बोटे गमवावी लागली. चाचणीतले रुग्ण नवे होते, हा तर वर्षानुवर्षे इन्सुलिनवर. गोळ्या चालू ठेवून वर पेला घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाण्याचाही धोका असतो.

आणखी एक. औषध असते ते गाभ्याच्या लाकडात, आणि त्यासाठी झाड पाडावे लागते. मागणी वाढली की कुऱ्हाड आधी रानातल्या जुन्या झाडांवर पडते. तेव्हा जमेल त्याने बांधावर दोन रोपे लावावीत.

मी डॉक्टर नाही, पिकाचा माणूस. तरी सांगतो, पेला घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, रक्त तपासत राहा, आणि चालू औषध स्वतःच्या मनाने सोडू नका.